मम्मी, जामिनाची सोय करून ठेवा

पालकहो, तुम्ही आज मोकळे फिरताय ते शाळेच्या मेहेरबानीवर, एवढं आधी ध्यानात घ्या. सकाळी सात दहाच्या ठोक्याला पोर गेटच्या आत नसेल तर तुम्ही गुन्हेगार. माझ्या लेकीच्या शाळेनं परवा तसं छापील हमीपत्रच घरी पाठवलंय. प्रत्येक उशिराला पन्नास रुपये ‘शिस्त निधी’, तीन उशीर म्हणजे एक गैरहजेरी, आणि शेवटी जाड अक्षरात : ‘वारंवार उशीर अथवा गैरहजेरी झाल्यास माझ्यावर शिक्षण हक्क कायद्यान्वये कायदेशीर कारवाई होऊ शकते, याची मला पूर्ण जाणीव आहे.’ खाली सहीची रेघ. लेक तिसरीत आहे.

मला ही जाणीव जरा उशिराच झाली. तुम्हाला तरी वेळेत व्हावी म्हणून काही सूचना करते. लिहून घ्या. पेन नसेल तर शाळेच्या गेटवर आहे, लेट रजिस्टरला सुतळीनं बांधलेलं. उठत नाही, पण आहे.

पहिली गोष्ट, पोरांना झोपेची सवय लावू नका. शासनाला मध्यंतरी पोरांच्या झोपेची काळजी वाटली होती. ८ फेब्रुवारी २०२४ ला शासन निर्णयही निघाला, की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊला किंवा त्यानंतर भरवावेत. निर्णय निघाला म्हणजे तो पाळला जातो असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही गावात नवीन दिसताय. ज्या शाळांना अगदीच अडचण आहे त्यांच्यासाठी त्यात वाट ठेवलेली आहे, आणि अडचण नसलेली शाळा अजून जन्माला यायची आहे. आमच्या शाळेची अडचण अशी, की इमारत एक आणि शिफ्ट दोन. चिमुरडी पोरं सातला, थोरली बाराला. म्हणजे नऊचा नियम बाजूला ठेवणारी शाळा सात दहाचा नियम मोडला म्हणून माझ्याकडून पन्नास रुपये घेते. पावती देते हो, नाही असं नाही. गुलाबी. तीवर ‘इतर जमा’ लिहिलेलं असतं.

ताप रविवारी आणावा आणि रात्रीतच उतरवावा.

गावची म्हाई म्हणजे गावजत्रा, जोतिबाची यात्रा, आत्याच्या पोराचं लग्न, यातलं काहीही शाळेच्या कॅलेंडरला विचारल्याशिवाय ठरवू नका.

पंचगंगेलाही कळवून ठेवा. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. शाळेची पातळी बारमाही सात दहा. आंबेवाडी-चिखलीकडच्या पालकांनी पावसाळ्याआधी गुऱ्हाळातली एखादी काहील बघून ठेवावी. पोर, दप्तर आणि डबा तिघंही मावतात.

आता रस्ता. रस्त्याची कारणं गेटवर सांगायची नाहीत. परवा आमच्या रिक्षामामांची रिक्षा पासिंगला गेली होती, म्हणून मी लेकीला गाडीवर घेऊन निघाले. फुलेवाडीच्या रस्त्याला हंगामात काय चाललेलं असतं ते तुम्हाला सांगायला नको. पुढं ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, रिफ्लेक्टर एकाही ट्रॉलीला नाही, पण ड्रायव्हरच्या डोक्यावर डेक असा, की पुढच्या नाक्यावरची माणसं गाणं ओळखतात. चढाला मागच्या ट्रॉलीची पिन निसटली. ट्रॉली आडवी, ऊस निम्मा गटारीत, निम्मा रस्त्यावर. दोन्हीकडून हॉर्न, आणि मधे काही मंडळी ऊस मोडून घ्यायला पुढं सरसावलेली. फुटपाथ म्हणून जे काही आहे त्यावरनं गाडी काढली आणि सात चौदाला गेटवर पोचलो. साखळी लागली होती.

वॉचमननं लेकीला आत घेतलं नाही. ऑफिसातनं एक मॅडम आल्या. म्हणाल्या, “मम्मी, तुम्हालाच वेळेचं गांभीर्य नाही, तर मुलीला काय असणार?” (मी यांची मम्मी कधी झाले? बाईमाणूस बँकेत नावानं ओळखलं जातं, रेशनच्या दुकानात नावानं ओळखलं जातं, शाळेच्या गेटवर आलं की मम्मी.) मी म्हटलं, “अहो, ट्रॉली...” तर म्हणाल्या, “मम्मी, ट्रॉली काय रोजचीच आहे.” यावर मला काही बोलता आलं नाही, कारण ते खरंच होतं. आत प्रार्थना सुरू झाली. लेक बाहेर, साखळीच्या अलीकडं, पाठीला दप्तर तसंच. तिनं हात जोडले, डोळे मिटले आणि बाहेरूनच प्रार्थना म्हणायला लागली. पूर्ण म्हटली. मग तिला आत घेतलं, आणि मला पावती फाडायला नेलं.

तेव्हा सूचना अशी : गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत बिऱ्हाड शाळेच्या दारात हलवा.

शाळेला उशीर झाला तर तो उशीर धरू नये, हेही सांगून ठेवते. स्नेहसंमेलनाचे पाहुणे दीड तास उशिरा आले तेव्हा सगळी मावळे मंडळी दाढी-मिशा चिकटवून उन्हात बसली होती. पाहुण्यांची पावती फाडल्याचं दिसलं नाही. उलट फेटा बांधला आणि नारळ दिला.

आमच्या पालकांच्या ग्रुपवर एक गृहस्थ आहेत. हमीपत्र आल्याबरोबर त्यांनी लिहिलं, ‘योग्य निर्णय. फॉरेनला बघा, तिकडं डायरेक्ट दंड.’ खाली अंगठ्यांची रांग. चला, फॉरेनला बघूनच येऊ. इंग्लंडात खरंच दंड आहे. दहा शालेय आठवड्यांत दहा सत्रं, म्हणजे पाच दिवस, पोर विनापरवाना गैरहजर राहिलं तर पालकाला नोटीस निघू शकते. ऑगस्ट २०२४ पासून २१ दिवसांत भरले तर ८० पौंड, २८ दिवसांत भरले तर १६०. तेही दर पालकाला, दर पोरामागं. आई-बाप आणि दोन पोरं असली की गुणाकार तुम्हीच करा. हजेरीचं रजिस्टर बंद झाल्यावर पोचलेलं पोरही त्या हिशेबात गैरहजरच. दंड भरला नाही तर खटला, २५०० पौंडांपर्यंत दंड, आणि जाणूनबुजून केलं असं ठरलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद. २००२ साली तिथल्या एका आईनं खरोखर तुरुंग पाहिला. जर्मनीत तर २०१८ साली सुट्टीच्या तोंडावर बव्हेरियाच्या विमानतळांवर पोलीस उभे होते, शाळा बुडवून सहलीला निघालेली कुटुंबं हुडकायला.

हे सगळं खरं आहे. आता गृहस्थांनी यातलं काय सांगितलं नाही ते बघा. तिकडं दंड कायद्यात लिहिलेला आहे, आकड्यासकट. पैसे तिथल्या काउन्सिलकडं जातात, ‘इतर जमा’त नाही. आजारी पोराची गैरहजेरी विनापरवाना धरत नाहीत. आणि दंड लावणारं सरकार त्याच पोराला फुकट शाळाही देतं. इथं वर्षाची फी आगाऊ घ्यायची, पुस्तकं-वह्या-बूट आपल्याच दुकानातनं घ्यायला लावायचं, आणि शिस्त तेवढी लंडनची मागायची. लई भारी.

सगळ्यात महत्त्वाची सूचना : कायदा वाचू नका. मी वाचला आणि तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९. १ एप्रिल २०१० पासून लागू. सहा ते चौदा वयाच्या पोरांसाठी. हमीपत्रात याचंच नाव आहे, म्हणून म्हटलं, बघू तरी आपल्याला किती वर्षं आत जायचंय. कलम १० म्हणतं, पोराला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य. ठीक. दंड? नाही. कैद? नाही. पुढचं पान, मागचं पान, कुठंच नाही. राज्यघटनेत २००२ च्या दुरुस्तीनं पालकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून हे आलंय, पण त्यालाही शिक्षा जोडलेली नाही. मग सक्ती कुणावर? कलम ८ वाचा. सक्ती सरकारवर. प्रत्येक पोराचा प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पुरं होणं, हे बघायचं सरकारनं. कलम ९ वाचा. तेच काम महापालिकेचं, जिल्हा परिषदेचं. कलम २४ वाचा. शाळेत नियमित आणि वेळेवर यायचं, असं तिथं स्पष्ट लिहिलंय. कुणी? शिक्षकांनी! पालकांना बोलावून पोराच्या हजेरीबद्दल सांगायचं, तेही शिक्षकांनीच. बोलावून सांगायचं असं लिहिलंय, गेटवर उभं करून ऐकवायचं असं नाही.

दंडाचे आकडे त्या कायद्यात नाहीत असं मात्र नाही. भरपूर आहेत. प्रवेशासाठी पोराची किंवा आई-बापाची मुलाखत घेतली तर पहिल्या वेळी २५,००० पर्यंत, नंतर दर वेळी ५०,००० पर्यंत. देणगी उकळली तर तिच्या दहा पटीपर्यंत. मान्यतेशिवाय शाळा चालवली तर लाखापर्यंत. सगळे दंड शाळेला! पालकाच्या नावावर एक दमडी नाही. आणि कलम १७ : पोराला मारायचं नाही, त्याचा मानसिक छळ करायचा नाही. सात वाजता थंडीत, सगळी शाळा आत प्रार्थना म्हणत असताना, एका तिसरीतल्या पोरीला साखळीबाहेर उभं करणं याला काय म्हणतात, हे मला त्या मॅडमनी एकदा लिहून द्यावं. मीही त्याखाली ‘याची मला पूर्ण जाणीव आहे’ अशी त्यांची सही घेते.

ग्रुपवर आणखी एकानं शाहू महाराजांचा फोटो टाकला. म्हणे, ‘महाराजांनीही पालकांना दंड लावला होता.’ लावला होता. १९१७ साली, सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाबरोबर, पोराला शाळेत न पाठवणाऱ्याला महिना एक रुपया. त्या काळी रुपया म्हणजे गंमत नव्हती. पण महाराजांनी आधी काय केलं होतं? १९०१ पासून बोर्डिंगं काढली, खेड्यातल्या पोराला शिकायचं तर राहायचं कुठं, हा प्रश्न आपला मानला. शाळा फुकट केली, आणि मग बापाला म्हणाले, आता नाही पाठवलंस तर बघ. तो दंड पोराला आत ओढण्यासाठी होता. तुमचा दंड आलेल्या पोराला बाहेर ठेवण्यासाठी आहे. महाराजांचा फोटो लावायचा असेल तर हे दोन्ही शेजारी शेजारी लिहा, मग बघू किती अंगठे येतात.

आणि हजेरीचाच एवढा पुळका असेल तर त्या ट्रॉलीकडं बघा ना. ऊस गटारीत पडला तेव्हा ऊसतोड टोळीतल्या बाया उतरून मोळ्या गोळा करत होत्या, आणि कडेला एक पोरगी कमरेवर भाऊ घेऊन उभी होती. असेल तिसरीच्याच वयाची. बीडकडची असेल नाहीतर आणखी कुठली. दिवाळीला गाव सोडायचं ते पाडव्यापर्यंत. तिची गैरहजेरी कुठल्या रजिस्टरला लागते? तिच्या पालावर कोण हमीपत्र घेऊन जातं? कलम ९ मधली हजेरी तिचीच आहे, स्थलांतरित पोरांच्या प्रवेशाचं त्यात वेगळं लिहिलेलं आहे. तिथं कुणाला घाई नाही. चार मिनिटं उशिरा आलेल्या, फी भरलेल्या, आंघोळ करून वेणी घातलेल्या पोरीवर मात्र सगळ्यांची शिस्त चालते, कारण तिची आई गुपचूप पन्नास काढून देते.

चेष्टा पुरे. शाळेला सांगते : कायद्याचं नाव घेऊन खोटं बोलू नका. तुम्ही पोरांना रोज खरं बोलायला शिकवता. शिस्त हवी असेल तर आम्हाला बोलवा, बोलू, रिक्षांच्या वेळा बसवू, हंगामापुरती दहा मिनिटं पुढं-मागं करू, नऊचा निर्णय का पाळत नाही तेही ऐकून घेऊ. पण कायद्यात नसलेल्या कारवाईची भीती छापून तिच्यावर आमच्या सह्या गोळा करायच्या, हा दरोडा आहे, मग पावती गुलाबी असो नाहीतर हिरवी.

आणि तुम्ही, अंगठेवाल्यांनो! तुमच्यातले दोघं वकील आहेत, एक बँकेत अधिकारी आहे. हमीपत्र न वाचता सही करून, स्कॅन करून, ‘सबमिटेड मॅम’ लिहून मोकळे झालात. लाज वाटत नाही? उद्या तुमच्या पोरापुढं साखळी लागेल तेव्हा ग्रुपवर रडायला येऊ नका.

मी सही केलेली नाही. पन्नास रुपये कुठल्या नियमाखाली घेतले ते लेखी मागितलंय. उत्तर आलं नाही तर त्याच कायद्याच्या कलम ३२ खाली तक्रार करणार आहे. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो. तुमच्याकडं पावत्या असतील तर फाडून टाकू नका. झेरॉक्स काढा, तारीख दिसेल अशी, आणि रविवारी संध्याकाळपर्यंत माझ्याकडं आणून द्या. सोमवारी तक्रार आवक-जावकला देऊन शिक्का घेणार आहे.