किशोर विभागातील कादंबरीविषयीच्या आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार,

आपल्या १४ वर्षांच्या मुलाने आमच्या दुकानातून नेलेल्या कादंबरीविषयी आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला. परदेशी स्थायिक झालेल्या सनातनी घरातल्या समलिंगी मुलाची ही कथा किशोरांसाठी नाही, ती स्थलांतरित आईवडिलांची बदनामी करते आणि एका आजाराला प्रतिष्ठा देते, असे आपले म्हणणे आहे. पुस्तकासोबतच्या आमच्या शिफारसपत्रात विषयाचा उल्लेखच नव्हता, अशीही आपली तक्रार आहे.

ही तक्रार रास्त आहे. ‘एका कुटुंबाची हृद्य कहाणी’ एवढेच लिहून मी विषय झाकला. त्यात आपली दिशाभूल झाली, आणि नेमके असेच पुस्तक शोधत आलेल्या एखाद्या मुलाच्या हातूनही ते निसटले असेल. याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

आजाराचे म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आपल्या रोगांच्या वर्गीकरणातून वगळली.

बदनामीचा आक्षेप मात्र मला मान्य करता येत नाही. ‘इथल्या हवेने पोर बिघडले’ असे ओरडणारा बाप या कादंबरीत खलनायक नाही. सगळे मागे सोडून आलेल्या त्या माणसाकडे जातभाईंमधली पत एवढीच काय ती पुंजी उरली आहे, आणि गाव सोडताना जे रीतिरिवाज त्याने सोबत आणले ते त्याने तसेच जपले आहेत, गाव स्वतः पुढे निघून गेले तरी. मुलगा लहानपणापासून दवाखान्यात नि कचेऱ्यांत आईचा दुभाष्या झालेला. पण स्वतःविषयी सांगायची वेळ येते तेव्हा घरच्या भाषेत त्याला त्यासाठी फक्त शिव्याच ठाऊक असतात. तो परक्या भाषेतला शब्द वापरतो, तेव्हा आई म्हणते, ‘मला कळेल अशा शब्दांत सांग.’ ती रागावत नाही, तिथून उठून जातही नाही. आईवडिलांविषयी आस्था नसलेल्या लेखकाला हा प्रसंग लिहिता आला नसता, असे मला वाटते.

शिफारसपत्र आजच बदलले आहे. नायक १५ वर्षांचा आहे आणि पुस्तकात कोठेही उत्तान वर्णन नाही, म्हणून ते किशोर विभागातच राहील. आपण प्रत परत आणल्यास पूर्ण रक्कम देऊ. मात्र मुलाने ती वाचली असेल, तर आणण्यापूर्वी त्यालाही एकदा विचारावे, एवढी विनंती आहे.