नकाशातली हिरवळ

पुन्हा तेच! डॉक्टर आईला म्हणाले, "काकू, रोज अर्धा तास मोकळ्या हवेत चाला." कुठे? मानखुर्दच्या आमच्या पुनर्वसन वसाहतीत दोन इमारतींमध्ये जेमतेम 3 मीटर जागा, त्यातही गटार आणि वरून भिरकावलेला कचरा. खाली भर दुपारी ट्यूबलाइट! टीबीच्या जंतूंना ऊन-वारा सोसत नाही आणि इथे नेमके तेच फिरकत नाहीत. गोवंडी-मानखुर्दच्या अशाच वसाहतींच्या अभ्यासात टीबी खालच्या मजल्यांवरच जास्त आढळला होता, 2018 मध्ये. पुढे काय? नकाशात 'उद्यान' आहे हो, छान हिरवं रंगवलेलं. तिथे रिक्षा उभ्या असतात. बदामाचं एक झाड होतं, तेही पार्किंगसाठी तोडलं. आई आता जिन्यातच चालते. नाहीतरी लिफ्ट बंदच असते.