लम्पीचा तोच मेसेज परत फिरतोय, आणि आमच्या आप्पांनी लसवाल्यांना दारातून परत लावलं

लम्पी म्हणजे गुरांच्या अंगावर गाठी आणणारा विषाणूचा रोग, त्याच्याबद्दल पोळ्याच्या तोंडावर येणारा तो मेसेज यंदाही आलाय. आधी भावकीच्या ग्रुपवर, मग दूधवाल्यांच्या, मग केळीच्या भावाच्या ग्रुपवर, तिथे त्याचं काय काम होतं देव जाणे. मी सोडून देत होतो, सगळ्यांशी कुठे भांडत बसायचं. पण आमच्या आप्पांनी, म्हणजे चोपड्याकडच्या चुलत्यांनी, गावात लस टोचायला आलेल्या पोरांना चहा पाजला, गोड बोलले आणि दारातूनच परत लावलं. गोठ्यात बैलजोडी, दोन गाभण गाई, कालवडी, सगळं बिनलशीचं. विचारलं तर मोबाईल पुढे केला, "हाई खरं शे का नाही ते सांग आधी." म्हणून बसलोय लिहायला. मी काही जनावरांचा डॉक्टर नाही, पण गोठ्यात वाढलोय आणि वाचता येतं, एवढ्यावर हा मेसेज खोडता येतो इतका तो कच्चा आहे.

मेसेजमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगतो. लम्पी आफ्रिकेतल्या चित्त्यांबरोबर आला. लम्पीवाल्या गायीचं दूध विष असतं, प्यायलं की माणसाला गाठी येतात. सरकार शेळीची लस गायीला टोचून प्रयोग करतंय, टोचली की आठ दिवसांत जनावर जातं, गाभण असेल तर गाभडतं, म्हणजे गर्भ पडतो. गाठींवर जळकं ऑइल चोपडा नाहीतर डाग द्या. खायचं पान, मिरी, मीठ, गूळ चारा, डॉक्टर लागत नाही. आणि मेलेल्या ढोराचा रुपया मिळत नाही म्हणून कोणाला कळवू नका.

चित्त्यांचं एका दमात संपवू. नामिबियाचे ८ चित्ते १७ सप्टेंबर २०२२ ला आले आणि मध्य प्रदेशातल्या कुनोच्या जंगलात सोडले. आपल्या राज्यात लम्पीच्या त्या साथीची पहिली नोंद झाली ४ ऑगस्ट २०२२ ला, ती पण कुठे, तर आपल्याच रावेर तालुक्यात, चिनावलला. म्हणजे चित्ते विमानात बसायच्या आधी महिनाभर आपल्या गुरांच्या अंगावर गाठी होत्या. त्याच्याही आधी जुलैत कच्छमध्ये गाई पडत होत्या, आणि देशात हा रोग २०१९ सालीच ओडिशात सापडलेला. आफ्रिकेचा एवढाच संबंध की १९२९ साली झांबियात तो पहिल्यांदा नोंदला गेला. तेव्हा मोठमोठ्या लोकांनी माईकवर हे चित्त्याचं बोलून घेतलं, पण आपण तारखा तरी बघायच्या ना.

आता दूध. दोन हजार बावीसला या अफवेने जेवढं नुकसान केलं तेवढं रोगाने पण केलं नसेल काही घरांचं. ज्यांच्या गोठ्यात एक गाठ नव्हती त्यांचे रतीब बंद झाले. लोक पिशवीचं दूध आणायला लागले, जसं काही त्यात गायीचं दूध नसतंच. जागतिक पशुआरोग्य संघटनेचं या रोगावर एक माहितीपत्रक आहे, मी पुढे पण त्याचाच आधार घेणार आहे कारण त्यात सगळं एका जागी आहे. लम्पी माणसाला होत नाही. जे लोक रोज आजारी गुरांच्या अंगावर हात फिरवतात, जखमा धुतात, त्यांना पण होत नाही. वर हा विषाणू ६५ अंशाला अर्ध्या तासात मरतो, आपण तर दूध उकळी येऊन उतू जाईपर्यंत तापवतो. राहिलं काय? तापाने फणफणलेली गाय दूध कमी देते हे खरं. आणि जिला इंजेक्शनं चालू आहेत तिचं दूध डॉक्टर सांगेल तितके दिवस घ्यायचं नाही, पण ते औषधामुळे, लम्पीमुळे नाही, आणि ते कोणत्याही आजारात असतंच.

मला खरा राग आहे तो लशीच्या मुद्द्याचा.

"शेळीची लस गायीला" असं लिहून पुढे तीन उद्गारचिन्हं टाकलीत, जसं काही चोरी पकडली. अरे बाबा, हे कोणी लपवलंच नव्हतं, सरकारी पत्रकातच लिहिलेलं होतं, गोट पॉक्स लस. शेळ्यांच्या देवीचा विषाणू, मेंढ्यांच्या देवीचा विषाणू आणि लम्पीचा विषाणू हे तिघं एकाच घरचे भाऊबंद, कॅप्रिपॉक्स नावाच्या कुळातले, आणि इतके सारखे की शरीराने एकाला ओळखलं की दुसऱ्याला पण बऱ्यापैकी ओळखतं. आणि ही युक्ती आजची नाही. १७९६ साली इंग्लंडमध्ये जेन्नरने माणसाच्या देवीसाठी गायीच्या देवीची लस काढली, तिथूनच तर लसीकरण सुरू झालं. सश्यांना मिक्सोमॅटोसिस म्हणून असाच डास-पिसवांनी पसरणारा, देवीच्याच घराण्यातला जीवघेणा रोग होतो, इतका की ऑस्ट्रेलियाने १९५० साली ससे मारायला तो मुद्दाम सोडला होता. त्याच्यापासून पाळीव ससे वाचवायला सश्यांच्याच दुसऱ्या एका सौम्य विषाणूची लस वापरत आलेत. आणि आप्पा, तुमच्या स्वतःच्या दंडावर तो गोल वण आहे ना, देवीच्या लशीचा, त्या लशीत माणसाच्या देवीचा विषाणू नव्हताच, त्याचा भाऊबंदच होता. तुम्हाला झाला का काही प्रयोग? देवी गेली की नाही देशातून?

खास लम्पीची लस पण आपल्याच देशात तयार झालीय, हिसारची अश्व संशोधन संस्था आणि इज्जतनगरची पशुवैद्यक संस्था या दोघांनी मिळून, ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाली. पण तेव्हा रोग दारात होता आणि हातात शेळीची लस होती, म्हणून ती दिली. याला फसवणूक म्हणायचं का शहाणपण?

मग "टोचली की आठ दिवसांत गेली" हे लोक का बोलतात? कारण काही ठिकाणी खरंच तसं दिसलं, लोक एकदम खोटं बोलत नाहीत, हे मान्य करतो. पण हिशोब बघा. विषाणू अंगात शिरल्यापासून गाठी दिसेपर्यंत चारेक दिवसांपासून दोन आठवडे जाऊ शकतात, माहितीपत्रकात तर जास्तीत जास्त २८ दिवस धरलेत. आणि लस दिल्यावर अंगात पूर्ण ताकद यायला साधारण तीन आठवडे लागतात. आज सरकी टोबली म्हणून उद्या कापूस वेचायला जातो का कोणी? आता आपण लस कधी घेतो, तर शेजारच्या गोठ्यात गाठी दिसल्यावर. तेव्हा आपल्या गाईला माशी आधीच चावून गेलेली असते. सोमवारी टोचली, पुढच्या सोमवारी गाठी आल्या, की बोंब लशीच्या नावाने. ती गाय लशीने नाही आजारी पडली, लस उशिरा आली. पावसाळ्याच्या आधी टोचून घेतली असती तर हा प्रश्नच आला नसता, पण पावसाळ्याच्या आधी आपल्याला लग्नं असतात.

गाभडण्याचं पण तेच. गाय गाभडते ती लम्पीच्या रोगाने, तो रोगाचाच एक परिणाम आहे, वळूला पण काही काळ वांझपणा येतो त्याने. शेवटच्या दिवसात असलेली गाय असेल तर टोचायला आलेल्या डॉक्टरला आधी सांगा, तो ठरवेल. दारातून परत लावणं हा उपाय नाही.

लशीबद्दल दोन गोष्टी मात्र मान्य करायलाच लागतील. एक, टोचल्यावर एक-दोन दिवस थोडा ताप, टोचलेल्या जागी सूज, दूध जरा कमी, हे होतं. आणि शेळीच्या लशीने शंभर टक्के संरक्षण मिळतं असं कोणी म्हणू नये, टोचलेल्या जनावरांना पण झालाय, फक्त बहुतेकांचं हलक्यावर निभावतं. दुसरी गोष्ट सुईची. एकाच सुईने अख्खा गोठा टोचला तर एका आजारी जनावराचं रक्त पुढच्याच्या अंगात जाऊ शकतं, ही भीती खोटी नाही. म्हणून टोचणाऱ्यासमोर उभं राहा आणि दर जनावराला नवी सुई मागा, लाजू नका, तुमचा हक्क आहे तो. ताप असलेल्या किंवा गाठी आलेल्या जनावराला टोचू देऊ नका, लस फक्त निरोग्याला. आणि कानातल्या बिल्ल्यावरचा १२ आकडी नंबर नोंदवून घ्यायला लावा.

उपायांबद्दल. जळकं ऑइल लावणाऱ्याला मी काय बोलू? ती गाठ कातडीच्या खालपर्यंत गेलेली असते, जनावर आधीच आगीत, त्यावर ट्रॅक्टरचं काळं ऑइल. जनावर ते चाटतं, जखम सडते. डाग देणं त्याहून वाईट, उघडी जखम म्हणजे माश्यांना आमंत्रण आणि मग अळ्या. पान-मिरी-मीठ-गुळाचं मात्र मी हसण्यावारी नेणार नाही, कारण राष्ट्रीय डेअरी विकास मंडळानेच तो उपाय सांगितलेला आहे, निंब-हळदीचा लेप पण. देऊ द्या, जनावर खातं, तोंडाला चव येते. पण डॉक्टरच्या ऐवजी नाही, डॉक्टरच्या बरोबर. विषाणूला मारणारं औषध कोणाकडेच नाही, डॉक्टर देतो ते ताप उतरवायला, जखमेतला आणि फुफ्फुसातला दुसरा संसर्ग थांबवायला, आणि बरीच जनावरं त्या दुसऱ्या संसर्गाने जातात. नीट सांभाळलं तर यात मरणारी जनावरं एरवी शंभरात एक ते पाच धरतात. वासरांचं जास्त जपावं लागतं.

पैशाचं तर सरळ खोटं आहे. २०२२ ला दुधाळ गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार, वासराला १६ हजार अशी मदत जाहीर झाली होती. उशिरा मिळाली, चकरा मारायला लागल्या, ही तक्रार करा, मी पण करेन. पण कळवलंच नाही तर पंचनामा कशाचा होणार? आणि कळवणं हे मर्जीवर नाहीये, जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा २००९ चा कायदा आहे, त्यात मालकाने कळवायचं असं लिहिलेलं आहे. गपचूप नाल्यात नाहीतर तापीत ढकलून देणारे लोक आहेत आपल्याकडे, माहितीये सगळ्यांना. खोल खड्डा, वर चुना, आणि गोठ्यापासून, विहिरीपासून लांब.

आता लक्ष काय ठेवायचं ते, कारण लस एकटी पुरत नाही. हा रोग पसरवतात चावऱ्या माश्या, डास आणि गोचीड. शेणाचा उकिरडा गोठ्याला खेटून, गव्हाणीखाली मुताचं डबकं, तर लस टोचून पण अर्धं काम राहिलं. संध्याकाळी निंबाच्या पाल्याचा धूर करा, गोचिडाचं औषध डॉक्टरला विचारून फवारा. रोज दूध काढताना हात फिरवा: ताप, डोळ्यातून-नाकातून पाणी, चारा सोडणं, खांद्यापुढची किंवा मांडीची गाठ सुजणं, पायावर सूज, हे आधी दिसतं, अंगभर गाठी मागून येतात. तेव्हाच बाजूला बांधलं तर बाकीची वाचतात. आजारीचं पाणी, चारा, बादली वेगळी, आणि तिचं करणाऱ्याने आधी निरोगी गुरांचं आटपून मग तिच्याकडे जायचं. खपल्या गळून पडतात त्यात विषाणू महिनाभर जिवंत राहतो, ३५ दिवस लिहिलंय, आणि अंधाऱ्या गोठ्यात कितीतरी महिने. म्हणून झाडलेलं जाळा, नुसतं उकिरड्यावर फेकू नका.

बाजारातून नवीन जनावर आणलं की सरळ दावणीला बांधायचं आणि गावभर दाखवायचं, ही आपली सवय. वेगळं ठेवा २८ दिवस. वावरात खळ्यावर बांधा, पण वेगळं. पोळ्याला बैल सजवा, पुरणपोळी चारा, फक्त शेजारच्या गोठ्यात गाठी असतील तर यंदा मिरवणुकीत नेऊ नका आणि सगळ्या गावाचे बैल एका हौदावर पाजू नका.

शंका आली तर १९६२ ला फोन लावायचा, फुकट लागतो. तालुका, गाव, जनावर किती, गाठी किती जणांना, एवढं सांगायचं. आप्पा, तुमच्याकडची लसवाली पोरं आता पुढच्या गावांत गेलीत, तेव्हा दवाखान्यात नाव तुम्हालाच द्यायला जावं लागेल. गाभण गाई कितव्या महिन्यात आहेत ते लिहून न्या, तिथे पहिलं तेच विचारतील.