फोटो खोटा आहे हे कळून भागत नाही

गेले काही दिवस एक मजकूर फॉरवर्ड होत फिरतोय. मला तो तीन ठिकाणांहून आला. म्हणणं थोडक्यात असं: स्वतःच्या शरीराबद्दल न्यूनगंड वाटला की मीडियाला दोष द्यायची फॅशन झाली आहे. फोटो एडिट केलेले असतात हे शाळकरी पोरांनाही कळतं. सौंदर्याच्या कल्पना टीव्ही-मोबाइलच्या आधीपासून आहेत. मीडियाचा परिणाम होत असता तर सगळ्यांवर झाला असता. होतो तो मनाने कमकुवत असणाऱ्यांवर, त्यातही मुलींवर. उलट कमावलेली शरीरं बघून प्रेरणा मिळते. आणि एवढा त्रास होत असेल तर फोन बंद करा.

वाचायला हे एकदम पटतं, म्हणूनच एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

'एडिट केलेलं असतं हे सगळ्यांना कळतं.' कळतं की. माझ्या चौदा वर्षांच्या भाचीला तर कुठल्या फोटोवर कुठला फिल्टर आहे हेसुद्धा सांगता येतं. मध्यंतरी घरच्यांचा एक ग्रुप फोटो आला तेव्हा ती माझ्या शेजारी बसली होती. फोटोत सोळा माणसं. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला तो थेट स्वतःच्या दंडावर. बाकीच्या पंधरा जणांकडे तिने पाहिलंही नाही. "मावशी, हा ग्रुपवर टाकू नकोस ना," एवढंच म्हणाली. फिल्टर ओळखता येण्याचा तिला तिथे काय उपयोग झाला?

तुलना आपण ठरवून करत नाही. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं होतं की जिथे मोजायला पट्टी नसते तिथे माणूस इतरांशी ताडून स्वतःला जोखतो. दंड किती जाड असला म्हणजे जाड, याला कुठे पट्टी आहे? मग दिवसभर डोळ्यांसमोरून जी शरीरं सरकतात, त्यांचीच पट्टी होते. फोटो खोटा आहे हे आठवेपर्यंत आपली नजर स्वतःच्या अंगावरून फिरून आलेली असते.

म्हणून तर नुसत्या लेबलांनी फारसं साधत नाही. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून, तर नॉर्वेमध्ये जुलै २०२२ पासून, जाहिरातीतल्या फोटोत शरीर बदललेलं असेल तर तसं लिहिणं बंधनकारक आहे. कायदा चांगलाच आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण अशा लेबलांवर झालेल्या बऱ्याच प्रयोगांत लेबल वाचूनही बघणाऱ्यांची स्वतःबद्दलची नाराजी कमी झाली नाही.

आणि एडिट न केलेला फोटो तरी खरा कुठे असतो? २०१८ मध्ये काही संशोधकांनी सेल्फीचं गणित मांडलं. कॅमेरा चेहऱ्यापासून १२ इंचांवर धरला तर ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. हा निव्वळ अंतराचा परिणाम. तरीही लोक आपल्या नाकालाच नावं ठेवतात.

'सौंदर्याच्या कल्पना पूर्वीपासून आहेत.' आहेतच. पण त्या बदलतात, आणि कशाने बदलतात हे बघायची एक संधी फिजी बेटांवर मिळाली. तिथे भरलेलं, धष्टपुष्ट शरीर हे मायेने खाऊपिऊ घातल्याची खूण मानलं जाई. नाद्रोगा भागात १९९५ मध्ये टीव्ही पोहोचला. ॲन बेकर या संशोधिकेने त्याच सुमारास आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याबाबतचं वागणं चिंताजनक असलेल्या मुली १२.७ टक्के होत्या, त्या २९.२ टक्के झाल्या. वजन वाढू नये म्हणून, खाल्लेलं मुद्दाम ओकून काढणारी मुलगी पहिल्या वेळी एकही नव्हती. तीन वर्षांनी तसं सांगणाऱ्या ११.३ टक्के होत्या. दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या, संख्याही लहान होती, त्यामुळे सगळं खापर टीव्हीवर फोडता येणार नाही. पण टीव्हीवरच्या बायकांसारखं दिसायचंय हे त्या मुलींनी मुलाखतींत स्वतःच सांगितलं होतं.

'मग सगळ्यांवर का होत नाही?' पाऊस सगळ्या घरांवर पडतो, गळतं ते कौल फुटलेलं घर. आनुवंशिकता, घरातले टोमणे, वयात येण्याचा काळ, आधीपासूनची उदासी, हे सगळं त्यात येतं. एकूण अभ्यासांत सरासरी परिणाम लहानच दिसतो, हेही मान्य. पण या सरासरीत ज्यांचं काहीच बिघडलं नाही तेही मोजलेले असतात, आणि जिचं जेवण तुटलं तीही. तिला 'कमकुवत' म्हणणं मला क्रूर वाटतं.

मुलींचंच हे खूळ, असं म्हणणाऱ्यांनी खेळण्यांकडे बघावं. जी. आय. जो या सैनिक-बाहुल्याची मापं मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी घेतली आणि १९९९ मध्ये छापली. पाच फूट दहा इंच उंचीचा माणूस धरला तर १९६४ च्या बाहुल्याचा दंड १२.२ इंच भरतो. नव्वदच्या दशकातल्या 'एक्स्ट्रीम' बाहुल्याचा २६.८ इंच! पिळदार शरीर असूनही स्वतःला काडीपैलवान समजणाऱ्या पुरुषांच्या आजाराला मसल डिसमॉर्फिया असं नाव आहे. हे पुरुष बोलत नाहीत, म्हणून दिसत नाहीत.

प्रेरणेचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात (२०१५) काही तरुणींना व्यायाम करणाऱ्या बांधेसूद बायकांचे फोटो दाखवले, काहींना प्रवासाचे. पहिल्या गटाला व्यायामाची प्रेरणा मिळाली, हे खरं. पण त्यांचं मनही जास्त खट्टू झालं आणि स्वतःच्या शरीरावरची नाराजीही वाढली. मजकुरात यातली पहिली अर्धी गोष्टच आली आहे.

राहिलं 'फोन बंद करा'. हे निम्मं बरोबर आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या प्रयोगात १७ ते २५ वयाच्या तरुणांपैकी काहींनी तीन आठवडे सोशल मीडिया दिवसाला तासाभरावर आणला. त्यांना आपल्या दिसण्याबद्दल आणि वजनाबद्दल आधीपेक्षा बरं वाटू लागलं. पण मीडियाचा परिणामच होत नसेल, तर तो कमी केल्यावर बरं का वाटावं? मजकूर लिहिणाऱ्याचा शेवटचा मुद्दा त्याच्याच पहिल्या मुद्द्याला खोडतो.

शिवाय मनात बसलेली पट्टी फोनबरोबर बंद होत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. कॉलेजच्या मुलामुलींना एकेकटं, आरसा असलेल्या खोलीत, काहींना स्विमसूट तर काहींना स्वेटर घालून गणितं सोडवायला बसवलं. मुलांच्या गुणांत कपड्यांमुळे फरक पडला नाही. स्विमसूटमधल्या मुलींची गणितं मात्र स्वेटरमधल्या मुलींपेक्षा जास्त चुकली. त्या खोलीत त्यांच्याकडे बघणारं दुसरं कुणीही नव्हतं.