सेपिलोकला पिल्लू कडेवर घेता येत नाही

बोर्निओच्या सहलीला निघालेल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय : 'सेपिलोकला ओरांगउटानचं पिल्लू कडेवर घेऊन फोटो काढता येतो.' हे साफ खोटं आहे. मलेशियातल्या सबाहमधलं हे केंद्र १९६४ पासून आईवेगळ्या पिल्लांना पुन्हा जंगलात जगायला शिकवतं. माणसाची साधी सर्दीही त्यांना बाधते, म्हणून हात लावायला सक्त मनाई. पिशव्या लॉकरमध्ये ठेवायच्या आणि लांबूनच बघायचं. लहान पिल्लं तर काचेपलीकडेच असतात. सकाळी १० आणि दुपारी ३ वाजता मचाणावर खाणं ठेवतात, तेही मुद्दाम रोज तेच ते, म्हणजे कंटाळून ती स्वतः झाडांवर फळं शोधतात. एखाद्या दिवशी मचाणावर कुणीच आलं नाही, तर कृपा करून चिडू नका. जंगलात फळं पिकली असतील!