दहातली तीन झाडं म्हणजे तीस टक्के करपा?

केळी उत्पादकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर पावसाळ्यात एक सल्ला फिरत असतो. त्याचं सार असं: बांधाजवळची दहा झाडं बघा, तिघांवर ठिपके दिसले तर करपा, म्हणजे पानांवर ठिपके पाडणारा बुरशीचा रोग, तीस टक्के. खालची पानं वयानेच वाळतात, ती कापून टाका, टक्का उतरतो. बाकी काळजी घड निसवल्यावर, म्हणजे झाडातून बाहेर पडल्यावर.

आधी ते तीस टक्के. किती झाडांना रोग लागला हा एक हिशेब आणि प्रत्येक झाडाचं किती पान गेलं हा दुसरा. सतत पाऊस असला की बारकाईने शोधणाऱ्याला जवळपास प्रत्येक झाडावर ठिपका सापडतो. मग बाग शंभर टक्के गेली म्हणायची का? या मोजणीत चार ठिपक्यांचं झाड आणि निम्मी पानं जळालेलं झाड सारखंच. त्यात बांधावर ऊन-वारा मोकळा, पान लवकर सुकतं. आतल्या दाटीत ओल टिकते आणि बुरशीला तीच हवी असते. म्हणून बागेत नागमोडी फिरून, एकाच वयाची झाडं घ्यावी लागतात.

पानाचं नुकसान मोजायला संशोधक स्टोव्हर यांची, पुढे गाऊल यांनी सुधारलेली 0 ते 6 अशी श्रेणी जगभर वापरतात. स्वच्छ पान 0, एक टक्क्याहून कमी भागावर डाग असले तर 1, 5 टक्क्यांपर्यंत 2, 15 पर्यंत 3, 33 पर्यंत 4, 50 पर्यंत 5, त्यापुढे 6. सगळ्या पानांच्या श्रेणींची बेरीज करायची, पानांची संख्या गुणिले 6 ने भागायची आणि शंभरने गुणायचं. वही-पेन पुरतं.

आता पानं कापून टक्का उतरवण्याची गंमत बघा. झाडावर दहा पानं आहेत, वरून खाली श्रेणी 0, 0, 0, 0, 1, 1, 2, 3, 4, 5. बेरीज 16, भागिले 60, म्हणजे सुमारे 27 टक्के. खालची तीन पानं कापली. बेरीज 4, भागिले 42, म्हणजे साडेनऊ टक्के! रोग तिथेच, फक्त पानं दहाची सात झाली. रोगट पानं काढू नयेत असं मी म्हणत नाही, रोग पसरवणारे बुरशीचे बीजाणू कमी करायला ती काढायलाच हवीत. पण टक्क्याशेजारी उभ्या पानांची संख्या लिहिली नाही तर तो टक्का फसवतो. तिसरा आकडा मला सर्वांत विश्वासाचा वाटतो: वरून मोजत आलं की दहा किंवा जास्त पक्के, मधोमध सुकलेले ठिपके असलेलं पहिलं पान कितवं? पोंगा, म्हणजे न उलगडलेलं गुंडाळीचं पान, धरायचा नाही, पूर्ण उघडलेलं सर्वांत वरचं पान पहिलं. वरच्या उदाहरणात ते सातवं असेल, तर खालची पानं कापल्यावरही सातवंच राहील. पुढच्या फेरीत पाचवं निघालं तर रोग वर चढतोय.

वयाने पान वाळतं हे खरं. पण करप्याचे डाग शिरांच्या दिशेने लांबट, कडेला गडद, मधे राखाडी आणि भोवती पिवळी झाक असे असतात. शिवाय खालच्या पानावर आज दिसणारा डाग बहुधा ते पान कोवळं, वर असतानाच लागलेला असतो. लक्षण उमटायला काही आठवडे जातात आणि उन्हाळी दिवसांत केळ साधारण आठवड्याला एक नवं पान टाकते. म्हणून फवारणीही फक्त खाली मारून भागत नाही, कोवळी पानं भिजली पाहिजेत.

राहिला घड निसवेपर्यंत थांबण्याचा सल्ला, आणि तो मला सर्वांत महागात पडणारा वाटतो. निसवल्यावर झाडाला नवं पान येत नाही. जी पानं उरली त्यांच्यावरच घड पोसायचा. निसवताना निदान आठ तरी चांगली पानं हवीत असं मानतात. ती नसतील तर फळ भरत नाही, घड झाडावरच अवेळी पिकू लागतो, आणि आखातात जाणाऱ्या कंटेनरमध्ये असा माल कोणी भरत नाही.