सर्व्हर बंद, आलेख हिरवा: काही अनुभवसिद्ध सूचना

साइट बंद पडल्याची बोंब उठली की सर्वप्रथम सीपीयूचा आलेख उघडा. तो १२ टक्क्यांवर निवांत पहुडलेला असेल. त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका आणि खाली लिहा, "आपल्याकडून सगळं ओके आहे, नेटवर्कवाल्यांना विचारा." नेटवर्कवाले पिंगचा स्क्रीनशॉट टाकतील. तेही ओके. दोन्ही पक्ष निर्दोष सुटले, साइट अजून बंदच आहे, पण ती काही कुणाच्या खात्यात येत नाही.

इतकी बोंब चालू असताना सीपीयू रिकामा कसा, हा प्रश्न मात्र मनात येऊ देऊ नका. टॉमकॅट, म्हणजे जावा वेब-ॲप चालवणारा सर्व्हर, मुळात जास्तीत जास्त २०० थ्रेड (एकेक विनंती हाताळणारे कामगार) घेऊन बसतो. ते सगळेच डेटाबेसच्या उत्तराकडे डोळे लावून बसले असतील, तर सीपीयूने करायचं काय? वाट बघायला सीपीयू लागत नाही. म्हणजे सर्व्हर जितका तुंबेल तितका तुमचा आलेख शांत. इतकं सोयीचं मोजमाप हातचं घालवू नये. किती थ्रेड अडकलेत हा आकडा डॅशबोर्डवर लावा, असं कुणी उत्साही पोरगं म्हणालंच, तर "पुढच्या स्प्रिंटला बघू" म्हणून त्याची बोळवण करा.

आता उपाय. २०० चे ८०० थ्रेड करून टाका. एका ओळीचा बदल, मंजुरीही पटकन मिळते. आत डेटाबेस कनेक्शनचा पूल (आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनचा साठा) हिकारी या लायब्ररीचा असेल आणि त्याच्या सेटिंगला कुणी हात लावला नसेल, तर त्यात कनेक्शन १०. ती तशीच राहू द्या. पूर्वी १९० थ्रेड रांगेत ताटकळायचे, आता ७९० ताटकळतील. क्षमता वाढली ती हीच. ३० सेकंद थांबून कनेक्शन मिळालं नाही की थ्रेड एरर देऊन मोकळा होतो. पण तोवर वैतागलेल्या माणसाने तीनदा रिफ्रेश दाबलेलं असतं, आणि प्रत्येक रिफ्रेशला नवा थ्रेड लागतो. आधीच्या विनंतीचा माणूस निघून गेलाय हे जुन्या थ्रेडला कुणी कळवलेलं नसतं. तो बिचारा त्याच्यासाठी अजून रांगेत उभा.

थ्रेड डंप, म्हणजे प्रत्येक थ्रेड आत्ता कोडच्या कुठल्या ओळीवर आहे याची यादी, चुकूनही घेऊ नका. ती काढणारी जेस्टॅक कमांड चालवायला फार वेळ लागत नाही, हाच त्यातला धोका. दहा-दहा सेकंदांच्या अंतराने तीन डंप काढलेत तर 'एचटीटीपी-एनआयओ-८०८०-एक्झेक' नावाची सगळी मंडळी तिन्ही वेळा कोडच्या एकाच ओळीवर खिळलेली दिसतील. बहुधा ती ओळ बाहेरच्या कुठल्यातरी सेवेला केलेल्या कॉलची असते, आणि त्या कॉलला टाइमआउट द्यायचं कुणाला सुचलेलं नसतं. ती ओळ कुणी लिहिली हे कोडचा इतिहास ठेवणारं गिट लगेच सांगतं. म्हणून आधी रीस्टार्ट. रीस्टार्टने पुरावाही जातो आणि साइटही सुरू होते, वर तुमचं कौतुक.

तरी काहीतरी बघितल्यासारखं दिसायलाच हवं असेल, तर कनेक्शनांची यादी दाखवणारी एसएस कमांड चालवा आणि 'टाइम-वेट'मधली, म्हणजे बंद होऊन थोडा वेळ रेंगाळणारी, हजारो कनेक्शनं पाहून जोरात घाबरा. लिनक्सवर ती ६० सेकंदांत आपोआप निघून जातात आणि बहुतेक वेळा निरुपद्रवीच असतात, त्यामुळे काळजी करायला अगदी बिनधोक. मग कुठल्यातरी जुन्या लेखातून ती लवकर निकालात काढणाऱ्या 'टीसीपी-टीडब्ल्यू-रीसायकल' सेटिंगची ओळ उचलून चिकटवा. लिनक्सचा गाभा असलेल्या कर्नलच्या ४.१२ आवृत्तीपासून ही सेटिंगच काढून टाकलेली आहे. आधीच्या कर्नलवर मात्र जपून; तिथे ती खरोखर चालते आणि एकाच राउटरमागच्या अनेकांची कनेक्शनं गुपचूप गिळते.

त्याच यादीत 'क्लोज-वेट'ही दिसेल. तिकडे ढुंकूनही बघू नका. समोरच्याने फोन ठेवलाय आणि आपण रिसीव्हर कानाला लावून बसलोय, अशी ती अवस्था. तिला कर्नलची कसलीही मुदत नाही. प्रोग्रामने स्वतः सॉकेट (कनेक्शनचं आपल्याकडचं टोक) बंद करेपर्यंत ती तशीच. आकडा काल चाळीस, आज तीनशे, असा चढत जातो. एका प्रोग्रामला एकावेळी उघड्या ठेवता येणाऱ्या फाइल्सची मर्यादा, ज्यात सॉकेटही मोजले जातात, पुष्कळदा १०२४ वरच असते. ती गाठली की लॉगमध्ये 'टू मेनी ओपन फाइल्स' झळकतं. फाइल्स म्हटलंय म्हटल्यावर लगेच डिस्क साफ करायला घ्या, सुरुवात जुन्या लॉगपासून.

सरासरी प्रतिसादवेळेवर मात्र पूर्ण श्रद्धा ठेवा. लिसन सॉकेटची, म्हणजे आत यायला दाराशी थांबलेल्या नव्या कनेक्शनांची, रांग भरली की लिनक्स नवी कनेक्शनं मुकाट्याने टाकून देतो. ज्या विनंत्या आत शिरल्याच नाहीत, त्यांचा ॲप्लिकेशनच्या सरासरीत हिशेब येत नाही. हेल्थ चेकसाठीही (सर्व्हर जिवंत आहे का, हे विचारणारी तपासणी) वेगळा पोर्ट आणि वेगळे थ्रेड ठेवा, म्हणजे बाकी सगळं ठप्प असलं तरी तो 'अप' म्हणत राहील.

एवढ्यावरही दर दोन दिवसांनी गळफास बसत असेल, तर पहाटे चारला रीस्टार्ट करणारा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावा. तो का लावला याची नोंद ठेवू नका, लावणाऱ्यालाही यथावकाश दुसरीकडे बदलून जाऊ द्या. मग एखाद्या पहाटे तो चालणार नाही, सकाळी साइट झोपेल, आणि मूळ कारणाच्या अहवालात कसल्याही वादाशिवाय लिहिता येईल: क्रॉन चालला नाही.